मिठाच्या वेळचा फिल्टर

"हे हिरवं हिरवं काय आहे, उस्ताद?" उम्म रमझीने फोटोवर बोट ठेवलं.

"दिव्यांचा डाग आहे, हाज्जा. स्वस्तातल्या काचेचा घोळ."

फोटोग्राफर शौकतकडे लेन्सवर चढवायचे दोन फिल्टर होते. महागडा दिव्यांचा उजेड मुकाट्याने आत सोडायचा. स्वस्तातला फोटोत हिरवे डाग पाडायचा. पण लग्नात दृष्ट लागू नये म्हणून बायका मीठ उधळतात, आणि आमच्या इज्बत अल-बुर्ज गावच्या बायकांचा हात भलताच सढळ. मीठ उडायला लागलं की काचेवर ओरखडे नकोत म्हणून शौकत महागडा फिल्टर खिशात घालून स्वस्तातला चढवायचा. नवरानवरी स्वच्छ आले की झालं. मागच्यांच्या तोंडाकडे कोण बघतं?

म्हातारीच्या धाकट्या हमदीच्या लग्नात तिचा थोरला रमझी असाच मागे उभा राहून हसत होता. पुढे तो चोरट्या होडीतून इटलीला निघाला आणि बुडाला. प्रेत मिळालं नाही. फोनही त्याच्याबरोबरच गेला. मोठेपणीचा त्याचा हा एकच फोटो, आणि डाग नेमका तोंडावर.

"पोराला कबरसुद्धा नाही," म्हातारी म्हणाली. "भिंतीवर तरी दिसू दे. करता का काहीतरी?"

"उद्या या. बघत राहाल असा करून देतो."

शौकतला स्वतःचीच लाज वाटत होती. दुपारभर खपून त्याने त्याच फोटोतल्या हमदीचे ओठ आणि हनुवटी उचलून रमझीला बसवली. सख्खे भाऊ, बेमालूम जुळलं.

दुसऱ्या दिवशी म्हातारीने फोटोचे मुके घेतले, शौकतला तोंडभर दुवा दिली. मग फोटो जरा लांब धरला.

"हा हमदी हसतोय."

"रमझी कसा हसायचा, हाज्जा? सांगा, आत्ता बदलतो."

"अहो, असा..." तिने ओठांचा एक कोपरा वर ओढला. "नाही, असा नाही. थांबा." तिने दुसरा कोपरा ओढला. मग तिने दोन्ही हातांनी आपलं तोंड चाचपून पाहिलं.

"आठवत नाही हो मला," ती म्हणाली.

शौकतने तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. बुरख्याच्या टोकाने तिने फोटोवरचे आपल्या ओठांचे ओले ठसे पुसले.

"हाच फ्रेम करा," ती म्हणाली. "आणि हमदीला सांगू नका, त्याचं हसू आहे म्हणून."