राखाडी कोटाचा डावा खांदा

आमच्या ह्यांनी बावीस वर्षांत कुणाचं माप कागदावर लिहिलं नाही. गिऱ्हाईक दारात दिसलं की छाती, कंबर, बाही तोंडपाठ. वही काढतो तो कच्चा शिंपी, असं ऐटीत सांगायचे. आता मशीनपाशी वही असते, आणि वही कुठे ठेवली तेही मलाच विचारतात.

आठ महिन्यांपूर्वी दुकान उघडताना शटर निखळून डोक्यात पडलं. टाके केव्हाच भरले. पण शेजारी कुठं शटर खडखडलं की हे जागच्या जागी गोठतात, दरदरून घाम फुटतो, आणि हातातलं काम कुठवर आलं होतं ते साफ पुसलं जातं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मार लागलाय तो आहेच, पण मनही सारखं पहाऱ्यावर बसलंय. पहारा देणाऱ्याला बाकीचं कुठलं लक्षात राहायला? उपचार चालू ठेवा, वेळ लागेल." वेळ लागेल म्हणे! माझा जीव टांगणीला लागलाय त्याचं काय?

शिवणकाम आता घरात, पुढच्या खोलीत. तिथं खुंटीवर एक राखाडी कोट आहे, कापून नुसता कच्चा टाचलेला. रोज सकाळी विचारायचे, "हा कुणाचा गं?"

"आहे एका गिऱ्हाइकाचा. आठवेल."

धादांत खोटं. कोट माझा. शटर पडायच्या आधी महिनाभर तसाच पडला होता, म्हणून त्या सुट्टीच्या दिवशी मी ह्यांचं डोकं खाल्लं. "जगाचे कोट शिवा, बायकोनं तीच विटकी शाल गुंडाळायची!" हे पाय आपटत दुकान उघडायला गेले. मी तोंड आवरलं असतं तर? ह्यांना कोट आठवावा म्हणून जीव तुटायचा, आणि ती सकाळ आठवू नये म्हणूनही.

गेल्या आठवड्यात हे एकदम चिडले. "कुठल्या गाढवानं कापलंय हे? डावा खांदा अर्धा इंच खाली!" आणि उजवाही तेवढाच उतरवायला कात्री घेतली.

माझा डावा खांदा लहानपणापासून उतरता. कुणाला दिसत नाही. ह्यांना पहिल्याच भेटीत दिसला होता, वर तोंडावर सांगितलाही होता.

"थांबा!" मी कोट ओढून घेतला, अंगात घातला, पुढ्यात उभी राहिले. ह्यांनी खांद्यावरून हात फिरवला. कापड नीट बसलं.

"तुझा," म्हणाले. "तुझाच की गं!"

मग मला राहवेना. सुट्टी, भांडण, शटर, सगळं रडत सांगून टाकलं.

"भांडलीस ते बरं केलंस," हे म्हणाले. "नाहीतर अजून महिनाभर लोंबकळला असता." आणि चक्क हसले. आठ महिन्यांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन गेले, तर हे खुंटीपाशी उभे. "हा कुणाचा गं?"

कप खाली ठेवला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. तेव्हापासून रोज सांगते, भांडणासकट. वहीत 'राखाडी कोट, हिचा' असं लिहिलंय, पण वही बघायचं लक्षात राहत नाही. रोज ऐकतात, रोज म्हणतात, भांडलीस ते बरं केलंस. रोज नव्यानं माफ करतात मला.

कोटाला एक बाही लागलीये. दुसरी कधीही लागो, मला घाई नाही. मला फक्त एक सकाळ हवीये, आदल्या दिवशी मला माफ केलेलं ह्यांच्या लक्षात असलेली.