छपरावरची चप्पल

"निकाल चप्पल!" हारुन उस्ता ओरडला. मी हलायच्या आत त्यानंच वाकून माझ्या उजव्या पायातली चप्पल ओढली आणि गोदामाच्या छपरावर भिरकावली. अकरा माणसं बघत होती.

आखातातल्या अल क्वोजच्या त्या गोदामात आम्ही जुने गालिचे दुरुस्त करायचो. उस्ता आमचा मुख्य कारागीर, तुर्कस्तानातल्या किर्शेहिरचा. उघडंबोडकं पठार, मेंढ्या आणि एक तांबड्या पाण्याची नदी, एवढाच तो प्रांत. पण म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकावं तर स्वर्ग झक मारतो. तिथे कारागिरांचा कुणी संत होऊन गेला. खोटं काम करणाऱ्याचा जोडा म्हणे तिथे छपरावर फेकत, गावाला दिसावा म्हणून. ही गोष्ट तो आम्हाला रोज चहाबरोबर पाजायचा.

माझा गुन्हा काय? त्याच्याच मुलखातल्या एका नमाजाच्या गालिच्यात हिरवा रंग अर्ध्यावर बदलला होता. मी येवल्याचा, पैठणीच्या मागावर वाढलेला. पदरात असा रंग फुटला, तर आमच्याकडे विणकराची शोभा होते. मी चार दिवस मान मोडून फिकट हिरवं उसवलं आणि एकसारखं गडद भरलं. वर शाबासकीची वाट बघत बसलो.

"गांव में पत्ता उबालके रंग बनाता. खतम, तो दूसरा बनाता," उस्ता म्हणाला. "बुननेवाली औरत का हाथ था वो. तुम मिटा दिया. खलास!"

चूक माझीच होती, हे मला तेव्हाच कळलं. पण चूक कळणं वेगळं आणि सगळ्यांदेखत एका चपलेवर बसकडे जाणं वेगळं.

"शिडी लावू काय रे सूर्यकांता?" माझ्या शेजारी काम करणाऱ्या गणूनं विचारलं.

"नको. म्हाताऱ्याचा जोडा तिच्या शेजारी पडंल, तवाच काढीन."

तीन वर्षं मी त्याचं प्रत्येक काम उलटं करून पाहिलं. अखेर नव्व्याण्णवच्या जूनमध्ये सापडलं. हिरव्याच्या जागी त्यानं वीतभर निळं भरलं होतं. मी गालिचा सगळ्यांसमोर पसरला.

"उस्ता, ये कौन सा रंग?"

"हरा."

कुणीच बोललं नाही. त्या शांततेवरूनच तो समजला. गालिचा दाराशी उन्हात नेऊन त्यानं अगदी डोळ्यांजवळ धरला. मग खाली बसून एका पायातला जोडा काढला.

पहिल्यांदा जोडा भिंतीला लागून पडला. दुसऱ्यांदा पत्र्याच्या कडेवरून परत आला. मला वाटलं होतं, मी पोट धरून हसेन. माझी मलाच लाज वाटली.

"जाने दो, उस्ता."

"नहीं. कानून सब का." त्यानं जोडा माझ्यापुढे धरला. "तुम फेंको. सब को दिखना चाहिए."

मी फेकला.

"गया?" मान वर करून तो भलतीकडेच बघत होता.

"गया."

"किधर?"

"मेरी चप्पल के बाजू में."

त्यानं मान हलवली आणि एका जोड्यावर बसकडे निघाला. डांबर तापलेलं होतं. उघडं पाऊल त्यानं एकदाही झटकून उचललं नाही.