पऱ्हाट्यांचं जंगल

भागाबाईचं पत्र येऊन एक तप उलटलं होतं आणि अभिमन नानांनी अजून त्याला उत्तर दिलं नव्हतं.

पत्र धरणगावहून आलं होतं. अंतर्देशीय. भागाबाईने ते नातीकडून लिहून घेतलं होतं, त्यामुळे अक्षर शाळेतलं, गोल आणि टपोरं. मजकूर थोडका होता. 'नाटकवाले नाना यांना भागाबाईचा नमस्कार. तुम्ही मला नाटकात काम देतो म्हणाला होता. ते केव्हा आहे ते कळवा. चेटकिणीचं काम मला चालणार नाही, गावात आधीच दोघीतिघी मला तसं म्हणतात. बोलायचं काम असावं. पऱ्हाट्या बऱ्या आहेत. तुमची तब्येत कळवा.'

नाना जळगावच्या एका शाळेत ग्रंथपाल होते. आयुष्यभर इतकं वाचलं होतं की स्वतः दोन ओळी लिहायला घेतल्या, की हेच कोणीतरी याहून बरं लिहिलं असेल, असं वाटून हात थांबायचा. भागाबाईला त्यांनी उत्तर लिहायला घेतलं नव्हतं असं नाही. पहिला मसुदा सरकारी नोटिशीसारखा झाला, दुसरा सांत्वनपत्रासारखा. तिसऱ्यात 'माननीय' की 'आदरणीय' यावर गाडी अडली ती अडलीच. पत्र जाड शब्दकोशात गेलं, आणि पुढे कोणताही शब्द अडला तरी नाना तो कोश उघडेनासे झाले.

पण हे काम कबूल कसं झालं, ते आधी सांगायला हवं.

जळगावात तापी नाट्यमंडळ नावाची हौशी मंडळी आहेत. कोणी शिक्षक, कोणी बँकेत, कोणी औषधाच्या दुकानात. त्यांचे सर्वेसर्वा रुपचंदभाऊ. ते दीपनगरच्या वीजकेंद्रात नोकरीला होते आणि त्यांच्या प्रत्येक प्रयोगाला वीज जायची. पौराणिक नाटकात राक्षस गदा उगारून उभा असतानाच अंधार झाला; दिवे आले तेव्हा राक्षस चहा पीत होता. धुळ्याच्या स्पर्धेत शेवटचा अंक सुरू होताच शिंदखेड्याच्या मुक्कामी गाडीची वेळ झाली आणि अर्धं सभागृह उठलं. नायिकेचे वडीलही उठले, कारण तेही शिंदखेड्याचे होते. प्रेक्षकांतून कोणीतरी हमखास विचारायचं, भाऊ, कोळसा संपला का?

या सगळ्या नाटकांत अभिमन नाना होते आणि कोणालाही दिसले नव्हते. ते प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसून, चष्मा नाकावर घेऊन, विसरलेलं वाक्य हळूच पुरवायचं. चार माणसांत स्वतःचं नाव सांगताना घसा कोरडा पडणाऱ्या माणसाला यासारखं काम नाही. बोलायचं, पण दुसऱ्याच्या तोंडून.

मग एका हिवाळ्यात रुपचंदभाऊंनी जाहीर केलं, की शेक्सपिअर करायचा आणि तोही उघड्यावर. मुळात तो उघड्यावर, दिवसाउजेडीच व्हायचा, असं ते म्हणाले. विजेचं नाव त्यांनी काढलं नाही, पण सगळे समजले. नाटक निवडलं ते खुनी राजाचं. त्यात चेटकिणी राजाला सांगतात, की जंगल चालून येईपर्यंत तुला धोका नाही. आणि शेवटी शत्रूचे सैनिक एकेक फांदी पुढे धरून चालत येतात, म्हणजे जंगलच चालून येतं. राजा अर्थातच भाऊ.

जागा ठरली धरणगावच्या बाहेरचं एक मोकळं मैदान. जंगलासाठी टेम्पोभर केळीची पानं नेली. कार्यक्रम चारचा, पण प्रमुख पाहुणे उशिरा आले. मग शाल, नारळ, मनोगत, दुसरं मनोगत. तेवढ्या वेळात मैदानाच्या कडेला बकऱ्या आल्या आणि त्यांनी बहुतेक जंगल खाऊन टाकलं. हे लक्षात आलं तेव्हा तिसरा अंक चालू होता. सैनिकांनी धावाधाव केली. शेजारच्या शेताच्या बांधावर कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या मोळ्या रचलेल्या होत्या, त्या उचलल्या आणि जंगल निघालं. वाळकं, करडं, कडकड वाजणारं. बायका चुलीसाठी सरपण घेऊन चालल्यात की काय, असंच वाटत होतं.

दुसऱ्या रांगेत बसलेल्या भागाबाईलाही तसंच वाटलं. फक्त तिने मोळ्या ओळखल्या. आपल्या जुन्या निळ्या लुगड्याच्या चिंध्यांनी तिने त्या स्वतः बांधल्या होत्या. ती उठली, पदर खोचला आणि थेट रणांगणात शिरली.

"ह्या मन्या पऱ्हाट्या शेतस," ती सेनापतीला म्हणाली. "बठ्ठ्या." म्हणजे सगळ्याच्या सगळ्या तिच्या.

सेनापती औषधाच्या दुकानातला, भिडस्त. त्याने मोळी सोडली. सेनापतीने सोडल्यावर सैन्य काय करणार? भागाबाई एकेका सैनिकाच्या हातातून जंगल काढून घेत होती आणि बगलेत मारत होती. प्रेक्षक उभे राहून शिट्ट्या मारू लागले. रुपचंदभाऊ तलवार घेऊन ताटकळत उभे. जंगल आल्याशिवाय राजाला मरता येईना. इकडे सूर्य खाली चाललेला. भाऊंनी आपलं आधीचंच वाक्य पुन्हा म्हटलं, की जंगल चालून येणं शक्य नाही. मागून कोणीतरी ओरडलं, "भाऊ, जिंकले तुम्ही, चला घरी!"

अभिमन नाना सिंहासनामागे पुस्तक घेऊन मांडी घालून बसले होते. पुस्तकात याच्यावर काही वाक्य नव्हतं. त्यांनी पान उलटून पाहिलं, मागचं पाहिलं, आणि मग काय झालं कोण जाणे, ते उठले. पँट-शर्ट, चष्मा, हातात पुस्तक, अशा वेषात ते राजाच्या बाजूने चालत भागाबाईपर्यंत गेले. हजारभर डोळे आपल्यावर आहेत हे त्यांना तिथे पोचल्यावर कळलं. त्यामुळे घाईत तोंडाला आलं ते बोलून गेले. "अक्का, आत्ता सोडा. पुढच्या वेळी तुम्हाला नाटकात काम देतो."

भागाबाईने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"बोलानं, का नुसतं उभं ऱ्हावानं?"

"बोलायचं," नाना म्हणाले.

तिने पऱ्हाट्या खाली ठेवल्या. जंगल आलं, राजा मेला, आणि धरणगावात त्या प्रयोगाला आजही पऱ्हाट्यांचं नाटक म्हणतात.

महिन्याभराने पत्र आलं. आणि मंडळाने त्यानंतर शेक्सपिअरचं नावच काढलं नाही.

आता मंडळाची चाळिशी आली होती. एका मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत बैठक बसली आणि रुपचंदभाऊंनी सांगितलं, की तेच नाटक, तेच मैदान. एकदाचा तो डाग धुऊन टाकायचा. या वेळी जंगल प्लास्टिकचं. मांडववाल्याशी बोलणं झालंय. बकरी तोंड लावणार नाही आणि बाई हात लावणार नाही. सगळे हसले. नाना हसले नाहीत. त्या रात्री त्यांनी कितीतरी वर्षांनी तो शब्दकोश काढला आणि पत्र वाचलं. पऱ्हाट्या बऱ्या आहेत, हे वाक्य त्यांना आता चांगलंच टोचलं. आयुष्यात त्यांनी स्वतःच्या तोंडाने, लोकांसमोर, एकच वाक्य म्हटलं होतं, आणि तेही खोटं ठरत होतं.

राणीचं काम करणारी पुनम माहेरची धरणगावची. नानांनी तिला आडून आडून विचारलं, की तिकडे कोणी भागाबाई म्हणून होत्या. पुनम म्हणाली, "होत्या कशाला नाना? आहेत की. परवाच बाजारात वांगीवाल्याला रडवलं. आणि तालमीला कधी बोलावतात, म्हणून मलाच विचारत होत्या."

नानांनी तीन दिवस वाक्य पाठ केलं आणि चौथ्या दिवशी रुपचंदभाऊंना गाठून, चहाच्या कपाकडे बघत, सांगून टाकलं. भाऊ आधी हसले. मग नाना गंभीर आहेत असं दिसल्यावर चिडले. सरपणवाल्या बाईला शेक्सपिअरमध्ये काय काम द्यायचं, असं त्यांनी विचारलं आणि चहा अर्धा टाकून उठले. जाताना मात्र दाराशी थांबले. हळू आवाजात म्हणाले, "अभिमन, त्या दिवशी मी जन्मात मेलो नाही इतका छान मेलो होतो. कोणी बघितलं? सगळे त्या बाईच्या मोळ्या बघत होते."

नानांना वाईट वाटलं. वाटायलाच हवं, चाळीस वर्षांची सोबत. शिवाय भाऊंचं म्हणणं खरंही होतं. ते छान मेले होते. नाना घरी आले आणि विषय संपला असं त्यांनी स्वतःला समजावलं.

पुढच्या रविवारी तालीम. भाऊ आता सत्तरीला टेकले होते. आवाज खणखणीत, पण पाठांतर गेलेलं. पूर्वी नाटकात दोनदा अडायचे, आता पानात दोनदा. राजाचं लांबलचक भाषण सुरू झालं. भाऊ फिरले, हात उंचावला, आभाळाकडे पाहिलं, आणि थांबले.

सवयीने त्यांचा कान स्टुलाकडे वळला. स्टुलावरून काही आलं नाही.

नाना पुस्तकात बघत होते. बोट बरोबर त्याच ओळीवर होतं. शब्द ओठांपर्यंत आला होता. ते तोंड मिटून बसले. आपण हे करतोय यावर त्यांचाच विश्वास बसत नव्हता.

भाऊंचा हात वरच. पुनमने पदर तोंडाला लावला.

"अभिमन," भाऊ दबक्या आवाजात म्हणाले, "दे की."

"भागाबाईंना काम द्यायचं का?"

"आधी वाक्य दे."

नानांनी पान झाकलं. भाऊंनी स्वतःच आठवायचा प्रयत्न केला. पौराणिक नाटकातली एक ओळ म्हणून बघितली, ती बसेना. चेटकिणी खुर्च्या ओढून निवांत बसल्या. सेनापती घड्याळ बघू लागला. त्याला दुकान उघडायचं होतं.

"कोणतं काम?" भाऊंनी विचारलं. हात अजून वरच होता, पण जरा वाकला होता.

नानांनी हेही ठरवलं नव्हतं. पण चाळीस वर्षं सगळ्यांची वाक्यं वाचलेला माणूस. उत्तर पुस्तकातच होतं. "सेनापतीचं. जो सैनिकांना सांगतो, एकेक फांदी घ्या. पऱ्हाट्या त्यांच्याच. त्याच वाटतील, त्याच परत घेतील."

"सेनापती बाई?"

"सेनापतीला पदर नसावा, असं यात कुठे लिहिलेलं नाही."

जुना सेनापती पुढे झाला आणि आपली काही हरकत नाही, उलट दुकान बघता येईल, असं म्हणाला. भाऊंनी हात खाली घेतला आणि डोकं खाजवलं. मग पडलेल्या चेहऱ्याने एक अट घातली, की मी मरत असताना ती बाई समोर नको. नानांनी ती ताबडतोब मान्य केली. भागाबाई ती मानतील की नाही, याबद्दल ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी वाक्य दिलं, आणि भाऊ असे कडाडले की मंगल कार्यालयाचा आचारी बघायला आला.

पुनम म्हणाली, मी उद्या माहेरी चाललेय, निरोप सांगते. नाहीतर फोन लावून देते. नानांनी नको म्हटलं. पत्र टपालाने आलं होतं, उत्तरही टपालानेच जायला हवं.

घरी येऊन ते लिहायला बसले. पहिल्या मसुद्यात उशिराबद्दल दिलगिरी पानभर झाली. ती खोडली. 'माननीय' लिहिलं, 'आदरणीय' लिहिलं, दोन्ही खोडली. शेवटी त्यांनी स्वतःला प्रॉम्प्टरचा नियम लावला: समोरच्याला लागतील तेवढेच शब्द. मग पोस्टकार्ड पुरलं.

'भागाबाई अक्का, नमस्कार. काम बोलायचं आहे. हुकूम द्यायचा आहे. रविवारी दुपारी जळगावला तालीम, पुनम तुम्हाला घेऊन येईल. प्रयोगाला पऱ्हाट्या तुमच्याच लागतील. बांधायला तीच निळी चिंधी असू द्या. माझी तब्येत बरी आहे. अभिमन.'

पोस्टाच्या लाल पेटीपाशी त्यांनी पत्ता पुन्हा वाचला. पेटीचं तोंड गंजून अरुंद झालं होतं. कार्ड अर्धं जाऊन अडकलं. नानांनी इकडेतिकडे पाहिलं आणि एका बोटाने ते आत ढकललं.