वॉकीवर कोण बोलतंय?

"आपली ओळख आपण करून दिली नाही, तर लोक करून देतात. आणि ती त्यांच्या सोयीची असते," असं आत्याने तिला बजावलं होतं. आत्याची सगळी नोकरी ऑपरेशनच्या खोलीत नर्स म्हणून गेलेली. तिथे प्रत्येकाचं तोंड झाकलेलं, म्हणून मी कोण आणि माझं काम काय हे मोठ्याने सांगितल्याशिवाय कुणी कशाला हात लावायचा नाही. "नवीन जागी पुटपुटू नकोस. नाव, काम आणि माझं कधी ऐकायचं, एवढं खणखणीत सांग."

"आत्या, माझं कामच बोलेल गं," ती बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत म्हणाली होती.

"काम मुकं असतं, बाळा. तोंड आपल्यालाच द्यावं लागतं."

पण सांगून काय उपयोग? पालथ्या घड्यावर पाणी.

बाळ झाल्यावर तिला मिळालेली ही पहिली नोकरी. मोठं कोल्ड स्टोरेज होतं; मासे, मटार, लोणी असला माल तिथे ठेवत. खोल्या थंड राहायच्या त्या पाइपांतून फिरणाऱ्या अमोनियावर. तो विषारी वायू कुठे गळतोय का हे मीटर घेऊन शोधायचं आणि गळत असेल तर काम थांबवायचं, यासाठी तिला घेतलं होतं. इंजिनिअरिंगची पदवी होती, अनुभव होता. फक्त पहिल्या दिवशी तिचं अर्धं मन घरी, पाळण्यापाशी राहिलं होतं.

तिथे रोज सकाळी कामाआधी सगळे गोल उभे राहत. जाड जॅकेट, टोपी, नाकापर्यंत मफलर. दिसायचे ते फक्त डोळे. म्हणून एकेकाने आपली ओळख सांगायची आणि आपलं कधी ऐकायचं तेही सांगायचं, अशी रीत होती.

"मी फोर्कलिफ्ट चालवतो. सगळे भोंगा म्हणतात," एक आडवा गडी म्हणाला. "भोंगा वाजला की भिंतीला चिकटायचं. मग सासऱ्याचा फोन चालू असला तरी."

शेजारचा उंच माणूस शिंकला. "मी फिटर. पाइप, नट, व्हॉल्व्ह माझे. मी पाना वर धरला की कुणी पुढे यायचं नाही. आज नाक पार चोंदलंय, तेव्हा कुणाचा डबा करपला असेल तर मला विचारू नका."

मशीनखोलीतला म्हातारा ऑपरेटर सगळ्यांचा मामा होता. "मी कॉम्प्रेसर चालवतो, अमोनिया पाइपांतून फिरवणारं मशीन," मामा म्हणाले. "गेल्या साली कुणीतरी वॉकीटॉकीवर गंमत म्हणून 'बंद करा' म्हणालं. मी बंद केलं आणि मटाराचं पाणी झालं. तेव्हापासून बोलणारा कोण आणि त्याचं काम काय, हे कळल्याशिवाय मी बटणाला हात लावत नाही."

मग सगळे डोळे तिच्याकडे वळले. नेमका तेव्हाच खिशातला फोन थरथरला. तिने ओझरतं पाहिलं. सासूबाईंचा मेसेज होता : बाटली तोंडात धरत नाही, अंग जरा कोमट लागतंय.

"मी... नवीनच आहे," ती मफलरमधून म्हणाली. "ऑफिसने पाठवलंय. जरा बघायला. तुमचं चालू द्या."

"म्हणजे ऑफिसच्या बाई," भोंगा म्हणाला. सगळे हसले. हसण्यात वाकडं काही नव्हतं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

जेवणाच्या सुट्टीआधी ती मीटर घेऊन लांबलचक बोळातून चालली होती. सहा नंबरच्या खोलीपाशी मीटर किणकिणला. दाराच्या फटीशी धरला, तर ओरडायलाच लागला. आकडा नुसता वर वर चढत होता. तिच्या डोळ्यांच्या कडा चुरचुरल्या.

समोरून भोंगा माल घेऊन आला. तिने हात आडवा केला. "थांबा. आत जाऊ नका."

"बाई, असा वास इथे रोजचाच. सवय होईल तुम्हाला."

"आत कोणी आहे?"

"फिटर आहे ना. मागच्या भिंतीला, कूलरपाशी नट आवळतोय."

ज्याला वास येणार नाही असा आख्ख्या इमारतीत एकच माणूस, आणि तोच आत. डोळ्यांना पाणी आलं तरी तो सर्दीवर ढकलून मोकळा होणार. तिने दार उघडून हाक मारली. पंख्यांच्या घरघरीत ती हाक कुठल्या कुठे विरली आणि आतली हवा घशाला सुरीसारखी लागली. तोंडाला गॅसचा मुखवटा नसताना आत धावली, तर आत एकाच्या जागी दोघं पडणार. तिने दार पुन्हा लोटलं आणि कमरेचा वॉकी तोंडाशी धरला.

"सहा नंबरमधून बाहेर या. लगेच. आणि मशीन बंद करा."

"कोण बोलतंय?" मामांचा आवाज आला.

"मी... सकाळी आले होते ना, ती."

"सकाळी सगळेच आले होते," मामा म्हणाले.

मग शिंक ऐकू आली आणि मागोमाग फिटरचा आवाज. "ऑफिसच्या बाई आहेत, मामा. बाई, दोन मिनिटं. शेवटचा नट राहिलाय." बोलता बोलता त्याला खोकल्याची उबळ आली आणि आवाज तुटला.

सगळे एकाच वॉकीवर, पण तिचं ऐकणारं कुणी नाही, आणि त्यात त्यांची चूक काडीची नव्हती. 'जरा बघायला आलेय' हे तिनेच तर सांगितलं होतं. खिशातला फोन पुन्हा थरथरला. तिने त्याला हात लावला नाही. मफलर हनुवटीखाली ओढला आणि बटण घट्ट दाबलं.

आधी तिने आपलं नाव सांगितलं, पूर्ण, आडनावासकट. मग म्हणाली, "मी सुरक्षा इंजिनिअर आहे. अमोनियाची गळती शोधणं हे माझं काम. माझा मीटर ओरडला की काम थांबवायचं, आणि आत्ता सहा नंबरच्या दाराशी तो ओरडतोय. मामा, मशीन थांबवा आणि सहाची लाइन बंद करा. फिटर, तुमचं नाक चोंदलंय, म्हणून तुम्हाला कळत नाहीये. पाना टाका आणि दाराकडे या."

तिने वॉकी कानाशी धरला.

"मशीन बंद, लाइन बंद," मामा म्हणाले. "सगळ्यांनी बोळ सोडा. इंजिनिअर सांगतायत."

पायाखालची घरघर उतरत गेली. भोंग्याने न सांगता फोर्कलिफ्ट मागे घेतली आणि गाडीचा भोंगा दाबून धरला, म्हणजे आतल्याला दाराची दिशा कळावी. फिटर काही दिसेना. दाराच्या काचेवर साचलेलं बर्फ ती नखाने खरवडत राहिली. अखेर एक लांब सावली भिंत चाचपत आली. भोंग्याने एका हाताने दार ओढलं, दुसऱ्या हाताने फिटरची कॉलर. दोघांनी त्याला तसंच मोकळ्या हवेत नेलं. त्याचे डोळे लालभडक झाले होते, खोकला थांबत नव्हता.

"नट राहिला," तो कसाबसा म्हणाला.

"तुझ्याच डोक्याचा राहिलाय," भोंगा म्हणाला, पण फिटरची कॉलर त्याने सोडली नव्हती.

डॉक्टरांनी फिटरला तपासून सोडलं, पण आजची रात्र एकटं ठेवू नका, त्रास मागाहूनही वाढतो, असं बजावलं. फिटर एकटाच राहायचा. भोंगा त्याला आपल्या घरी घेऊन गेला. ते गेल्यावर तिने फोन उघडला : ताप नाही, दूध पिऊन झोपलाय, तू जेवलीस का? ती पायरीवर बसली आणि मग मात्र तिला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी गोलात तिची पाळी आली तेव्हा तिने मफलर खाली केला आणि तीच वाक्यं तशीच सांगितली. कुणी हसलं नाही. "रात्री दर तासाला जागं करून विचारलं त्याला, कसं वाटतंय," भोंगा डोळे चोळत म्हणाला. "शेवटी शिव्या द्यायला लागला, तेव्हा म्हटलं, बरा आहे."

ती आता भेटेल त्याला एक काम सांगते, तुमच्यासाठीही तेच सांगून ठेवलंय. तुमच्याकडे कोणी नवीन आलं असेल, आपलं नाव मफलरातच गिळून भिंतीशी उभं असेल, तर तुम्ही हसून पुढे गेला असाल. उद्या सकाळी त्या माणसाकडे परत जा. तू कोण, तुझं काम काय आणि तुझं कधी ऐकायचं, एवढं विचारा. उत्तर नीट ऐकू येईपर्यंत तिथून हलू नका.