दहा रेघांचा पेला

मला टमरेल म्हणायचं असेल, तर इथूनच खुदा हाफिज. मी पेला बोलतोय. पत्र्याचा आहे, पण खानदानी.

जन्माने मी अमेरिकेतला, दुधाच्या पावडरीचा डबा. मोठ्या लढाईत, युद्धकैद्यांना येणाऱ्या खाऊच्या खोक्यातून जर्मनीतल्या एका छावणीत पोचलो आणि वॉल्टरच्या हाती लागलो. हा वॉल्टर बॉम्बफेकी विमानाच्या शेपटीत मशीनगन धरून बसणारा. पाठ पुढे, तोंड मागे. तो म्हणायचा, "कुठे चाललोय ते मला कधीच दिसलं नाही. कुठून आलो, तेवढं दिसायचं."

अकराव्या फेरीला विमान पेटलं. हा हवाई छत्रीने उतरला तो थेट कोबीच्या शेतात. समोर दाताळं घेतलेली शेतकरीण. याने मुकाट हात वर केले, तर बाईने त्याच हातांत कोबीची पाटी दिली! दोन खेपा घरापर्यंत करून घेतल्या, मग शिपाई बोलावले. व्यवहार कसा असावा, तर असा.

छावणीत वॉल्टरने मला दगडाने ठोकून काठ वळवला, कान बसवला. धंदाही मी तिथेच शिकलो. गरम पाणी सगळ्यांना मिळे, भांडं मात्र थोड्यांकडे. मूठभर मनुकांवर वॉल्टर मला घटकाभर भाड्याने देई.

एक दिवस त्याने खिळा घेतला आणि माझ्या पोटावर दहा उभ्या रेघा ओढल्या. विमानातली दहा माणसं. तिघं जमिनीवर जिवंत उतरलीच नाहीत; त्यांच्या रेघांवर एकेक आडवी. रोज सकाळी पिण्याआधी तो दहाही रेघांवरून अंगठा फिरवायचा. पहारेकऱ्याने हटकलं, "काय मोजतोस?"

"अंडी."

"कोंबडी कुठाय?"

"तिचीच वाट बघतोय."

सुटका झाल्यावर वॉल्टर तेलाच्या विहिरी खणणाऱ्यांत शिरला आणि पुढे मला घेऊन ओमानात आला. तिथे त्याचा आचारी होता रत्नागिरीचा साकिब. वाळवंटात दोघांची सकाळ माझ्यावरच उजाडायची. जाताना वॉल्टरने मला साकिबच्या हातात ठेवलं. "कॉफी पी, चहा पी. पण आधी अंगठा फिरव." साकिबने मरेपर्यंत फिरवला. त्याच्या मागे त्याची बायको सफूरा फिरवू लागली. अक्षराची ओळख नाही, पण एक सकाळ चुकली नाही.

आता त्यांचा मुलगा सादिक. ओमानातल्याच रुस्ताकच्या बाजारात त्याचं भांड्यांचं दुकान. माणूस लाखाचा, पण चकाकी दिसली नाही की जीव कासावीस होतो.

गेल्या महिन्यात फोन आला. वॉल्टरची मुलगी मार्गारेट, वय पंचाहत्तर. बापाच्या जुन्या वहीत तिला साकिबचा पत्ता आणि दहा रेघांची हकीकत सापडली होती; त्यावरून तिने सादिकचा नंबर शोधला. सादिकची मुलगी सिदरा म्हणाली, "आंटी, फोटो पाठवते."

"फोटो नको," बाई म्हणाल्या. "घरी बाबा लढाईबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. मला त्या रेघांवर बोट ठेवायचंय."

सिदराने बापाला एवढंच सांगितलं, की पाहुणी पेला बघायला येतेय. मग सादिकने काय करावं? आदल्या दिवशी मला पॉलिशवाल्याकडे नेलं. चाक फिरलं, दोन मिनिटांत खलास! मी आरशासारखा झालो. सादिक माझ्यात बघून भांग पाडत घरी आला.

सकाळी सफूराने चहाआधी अंगठा फिरवला. तो सुळकन घसरला.

"मेल्या सादिक, रेघा कुठं गेल्या?"

"डाग होते ते, अम्मी. काढून टाकले."

"डाग? ती माणसं होती रे!"

सादिकने मला उजेडात धरून रेघा शोधल्या. त्याची बायको जोहरा हिकमती. "दहाच रेघा ना? हा घ्या खिळा. यल्ला, ओढा पटापट. त्या गोरीला काय कळतंय?"

सादिकने खिळा घेतला. टोक माझ्या पोटाला टेकलं. अ‍ॅल्युमिनियम स्टील म्हणून त्याने कधी विकलं नव्हतं; आता घरी येणाऱ्या पाहुणीला हे विकायचं? त्याने खिळा खाली टाकला, आणि तेवढ्यात दार वाजलं.

खजूर झाले, कहवा झाला. मार्गारेटबाईंनी मला दोन्ही हातांत घेतलं, चष्मा चढवला, फिरवून फिरवून बघितलं. माझ्या पोटावर त्यांना फक्त स्वतःचंच तोंड दिसत होतं.

"मॅडम," सादिकच्या कपाळावर घाम, "चूक माझी. चांगला दिसावा म्हणून पॉलिश केला. सगळं गेलं."

बाईंनी मला हळूच खाली ठेवलं. रागावल्या नाहीत, तेच वाईट. इतक्या लांबून आल्या होत्या.

मग सफूरा सरकली. तिने बाईंचा तळवा उघडला आणि त्यावर अंगठ्याने रेघ ओढली. "ही पहिली. ही दुसरी. तिसरीवर आडवी, हा नाय आला." सिदरा इंग्रजीत सांगत होती, बाई ऐकत नव्हत्या, तळव्याकडे बघत होत्या. चौथी, पाचवी. सातवीवर आडवी, आठवीवर आडवी. दहावीशी अंगठा थांबला. "हा तुझा बाप. शेपटीतला."

मार्गारेटबाईंनी खाली पडलेला खिळा उचलून सफूराच्या हातात दिला. म्हातारीने माझ्या चकचकीत पोटावर दहा रेघा ओढल्या. वाकड्या आल्या, पण जागच्या जागी. बाईंनी डोळे मिटून एकेकीवर बोट ठेवलं. सादिक लहान मुलासारखा रडला. निघताना सफूराने मला बाईंना देऊन टाकलं; सादिकने कागदात गुंडाळायला घेतलं, तर बाईंनी कागद परत केला.

तर मंडळी, तुमच्या घरात एखादं काळं, पोचे पडलेलं भांडं असेल, तर घासण्याआधी सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा. एवढं ऐका.

मी आता टॅक्सीत आहे, मार्गारेटबाईंच्या मांडीवर, तोंड मागच्या काचेकडे. कुठे चाललोय ते दिसत नाही. दारात सफूरा उभी आहे. सादिकने तिला दुकानातला नवा स्टीलचा पेला दिलाय, आणि ती त्याच्या गुळगुळीत पोटावर अंगठा फिरवतेय. दहा वेळा. मी मोजलं.