उजेड न चालणारी पेटी

नाकाला पदर लावू नका. वास माझा नाही, माझ्यात भरलेल्या सुकटीचा आहे. मी ॲल्युमिनियमची पेटी बोलतेय. आज उरणजवळच्या एका मिठागरी गावात, सोनूबाईच्या चुलीमागच्या फळीवर बसले आहे, पण एके काळी मी ढगांच्याही वर जाऊन आले. खोटं वाटत असेल तर वाटू दे, मला त्याची सवय आहे.

माझा जन्म मुंबईतल्या एका विज्ञानसंस्थेत झाला. देश स्वतंत्र होऊन फार वर्षं झाली नव्हती. धान्य बाहेरून बोटींनी येत होतं, आणि इथे शिकलेली माणसं माझ्या झाकणाला रबराची पट्टी नीट बसते की नाही, यावर दुपारच्या दुपार घालवत होती. दत्तात्रेय टिपणीस नावाचा तरुण शास्त्रज्ञ तर माझं झाकण इतक्या वेळा लावून बघायचा की मला वैताग यायचा.

माझ्या पोटात काळ्या कागदात गुंडाळलेल्या काचा होत्या. त्यांच्यावर फोटोच्या फिल्मसारखा लेप होता. आकाशातून डोळ्यांना न दिसणारे कण सारखे येत असतात म्हणे. ते त्या लेपातून गेले की मागे बारीक रेघ राहते, आणि ती रेघ वाचून तो कण कसला होता ते कळतं. खाली येईपर्यंत हे कण हवेला आपटून मोडतात, म्हणून मला मोठ्या फुग्याला बांधून वर पाठवायचं होतं. परदेशात अशाच कणांसाठी अवाढव्य यंत्रं बांधायला घेतली होती. आपल्याकडे यंत्र नाही पण आकाश आहे ना, असं दत्तात्रेय भेटेल त्याला सांगायचा. वरिष्ठांनी मात्र त्याला बजावलं होतं की या खेपेला हाती काही लागलं नाही, तर फुगे बंद. बिचाऱ्याचा सगळा जीव माझ्यात अडकला होता.

चैत्रात मला सोडलं. वर जाता जाता निळं आकाश काळं होत गेलं. काचांमधून कण जात होते ते मला कळत होतं, असं म्हणायला मला फार आवडेल. खरं सांगायचं तर थंडीशिवाय मला काही जाणवलं नाही. मग फुगा फुटला, हवाई छत्री उघडली, आणि वाऱ्याने मला खाडीपलीकडे नेऊन भरतीच्या पाण्यात टाकलं. माझ्यावर 'उघडू नये' असा कागद चिकटवला होता. तो खाऱ्या पाण्यात सुटला आणि वाहून गेला.

ओहोटी लागल्यावर मिठागरात काम करणाऱ्या सोनूबाईला मी चिखलात दिसले. तिने आणि तिच्या नवऱ्याने, दयारामने, मला उचलून बांधावर आणलं. आता या लोकांची एक रीत आहे. खारं पाणी ज्यावर राहील ते खातं, मग तो विळा असो, दाराची कडी असो की पायाची कातडी. म्हणून खाडीतून काहीही काढलं की आधी गोड्या पाण्याने धुवायचं आणि मग कडकडीत उन्हात सुकवायचं. पण गोडं पाणी तिथे मिळतं कुठे? लांबच्या विहिरीवरून हंडा डोक्यावर आणावा लागतो. घरात होता नव्हता तो हंडा सोनूबाईने माझ्यासाठी आणला. आता पिणार काय, म्हणून दयाराम कुरकुरला. कुणीतरी जपलेली वस्तू आहे, आपल्या हातून खराब व्हायला नको, असं म्हणून तिने मला धुतलं. आणि मग झाकण उघडलं.

अगं बाई, आत एक थेंबसुद्धा शिरला नव्हता! पण पेटीचं कोण ऐकतं? तिने काळे कागद हलक्या हाताने सोडले. उरलेल्या पाण्याने काचा धुतल्या, पदराने पुसल्या आणि पापड मांडावेत तशा बांधावर उन्हात मांडल्या. इतक्या मायेने मला कुणी हाताळलं नव्हतं. आणि त्या मायेनेच माझं सगळं मातीला मिळत होतं.

दुसऱ्या दिवशी दत्तात्रेय विचारत विचारत तिथे पोचला. बांधावरच्या काचा पाहिल्या आणि होता तिथेच खाली बसला. सोनूबाईला वाटलं, दमला असेल. तिने कौतुकाने सांगितलं, "भिजली व्हती दादा पेटी. गोड्या पान्यानं धुतली आन् सुकवली. एक पन काच फुटली न्हाय."

तो तिला रागावला नाही. या काचांना उजेड चालत नाही, एवढंच हळू आवाजात म्हणाला. दयारामला ते झोंबलं. एवढ्या खटपटीचा माणसाला उपयोग काय, असं त्याने सरळ विचारलं. आज काहीच नाही, असं दत्तात्रेयने तितकंच सरळ सांगितलं. सोनूबाई मात्र गप्प बसेना.

"मंग धाडली कशाला?"

त्याने समोरच्या मिठाच्या राशीकडे बोट दाखवलं. "बाई, मीठ कशाचं होतं?"

"खाडीच्या पान्याचं."

"आणि पाणी कशाचं झालंय? माती कशाची? तुम्ही-मी कशाचे? विचारत विचारत अगदी शेवटापर्यंत जायचं आहे. तिथलं थोडंसं या काचांवर लिहून आलं होतं."

सोनूबाईने काचांकडे पाहिलं, मग आपल्या पदराकडे. तिला सगळं कळलं. माझा दत्तात्रेयवर अजून राग आहे तो याचाच. काही खास नव्हतं, असं खोटं बोलला असता तर त्याचं काय बिघडत होतं? पण धाडली कशाला, हे तिने मनापासून विचारलं होतं, आणि त्याला खोटं सांगवलं नाही. जाताना तो काचा घेऊन गेला. मला तिथेच ठेवलं, कारण तिने मला मागून घेतलं.

तेव्हापासून मी या फळीवर आहे. मुंबईत आणखी फुगे उडाले की बंद पडले, मला ठाऊक नाही. दत्तात्रेय, कुठे असाल तिथून एकदा या हो. दुसऱ्या एखाद्या पेटीत तुमची रेघ सापडली असेल, तर या बाईला सांगा. तिला तेवढंच ऐकायचं आहे.

माझ्यात दमट हवा शिरत नाही, म्हणून सुकट ठेवायची. पण मला उघडायच्या आधी सोनूबाई न चुकता दार लावते आणि खिडकीला गोणपाट टाकते. मग चाचपडत मूठभर सुकट काढते आणि झाकण घट्ट बसवते. तिची लेक राही आता मोठी झाली आहे. परवा ती हसून म्हणाली, "आये, सुकटीला उजेडानं काय व्हतं?"

"सुकटीला न्हाय गं," सोनूबाई म्हणाली. "पेटीला चालत न्हाय."

चालतो गं बाई, आता चालतो. माझ्यात खराब होण्यासारखं काही उरलेलं नाही. दार उघड.