अर्धं लुगडं

"आज काय दिसलं न्हाय न्हवं?" अंबुबाईंनी चुलीतलं लाकूड पुढं सारत विचारलं. लेक अजून पांघरुणातून पुरती बाहेरही आली नव्हती.

"न्हाय," अंजनी म्हणाली.

वडगावातल्या बाकीच्या आया पोरी उठल्या की पाणी आणायला पिटाळत. अंबुबाई आधी लेकीचा चेहरा बघत. तो मोकळा दिसला की भाकरी थापायला घेत, आणि जरा कुठं उतरलेला दिसला की त्यांच्या हातातलं पीठ तसंच राहायचं. आठ वर्षं हे असंच चाललं होतं. त्या दिवशी चुलीच्या धुरात त्यांना चेहरा नीट दिसला नाही, आणि अंजनीचं "न्हाय" खपून गेलं.

याची सुरुवात ती नऊ वर्षांची असताना झाली. एका सकाळी भाकरी खाता खाता ती सहज म्हणाली, "नागुबाईच्या ज्योतिबाला हिरीतनं काढत्यात." शेजारचा ज्योतिबा तेव्हा समोरच्या कट्ट्यावर चिंचा खात बसला होता. सगळे हसले. तिसऱ्या दिवशी तो खरोखर विहिरीत पडला. वेळेवर काढला म्हणून वाचला, पण हसणं बंद झालं. मग तिनं आजोबांचं जाणं चार दिवस आधी सांगितलं, पल्टणीतला एकजण काठी टेकत घरी येणार हेही सांगितलं. झालं, दारात रीघ लागली. कुणाची म्हैस हरवलेली, कुणाचा जावई रुसलेला. "पोरी, आज रातच्याला माझ्या हरवल्याल्या बुगडीचं बघ की गं," असं म्हणून बायका जायच्या, जणू स्वप्न म्हणजे गिरणीत टाकायचं दळण. तिला सांगितलेलं कधी दिसायचं नाही. दिसायचं ते आपलं आपण, आणि नेमकं नको ते.

एवढा मान मिळूनही तिचं लग्न काही जमेना. पाहुणे यायचे, पोरगी बघायचे, स्वप्नांचं कानावर आलं की पाणी पिऊन जायचे. अंजनीला सतरावं लागलं आणि सुबरावांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, पाहुण्यांची आशाच सोडली. तेव्हा शहापूरच्या अक्काताई आल्या. घरात दोन माग, दोन लेक. थोरला नागोजी, त्याची बायको जयाबाई, त्यांचं पाच महिन्यांचं मूल, आणि धाकटा केदारी, ज्याच्यासाठी त्या आल्या होत्या. अक्काताई बोलायला सरळ.

"पोरगी पसंत हाय. कामाची हाय, हात हलका हाय. पण सपनं म्हायेरात ठेवून यायचं. माझ्या घरात पडलं तर पडू दे, तोंडातनं भाईर काढायचं न्हाय. काढलंस त्या दिवशी आमचा तुमचा संबंध तुटला."

अंजनीनं इतक्या आनंदानं मान हलवली की अंबुबाईंनाच लाज वाटली. तिला दुसरं काय हवं होतं? सकाळी उठल्यावर कुणी आपल्या तोंडाकडं बघणार नाही, असं घर. शिवाय केदारीला तिनं एकदा पाहिलं होतं. वडिलांच्या मागासाठी सुताची मोट घेऊन आला होता आणि ती खाली टेकवताना त्यानं झोपलेलं मूल ठेवावं तशी ठेवली होती. तेवढ्यावर तिचं मन बसलं. मन बसायला काही फार लागत नाही.

लग्न माघातलं ठरलं. तिचं लग्नाचं लुगडं केदारी स्वतः विणत होता. ते मागावर असताना नवरीनं बघायचं नाही अशी त्या घरची रीत, म्हणून मागापुढं घोंगडं टांगलेलं असायचं. रंगसुद्धा कुणी सांगत नव्हतं.

आणि पौषात, वडगाव-शहापूरला लागूनच असलेल्या बेळगावात उंदीर पडायला लागले.

उंदीर पडले म्हणजे प्लेग आला, हे लहान पोरांनाही कळायचं. किल्ल्याकडच्या गल्ल्या रिकाम्या झाल्या. लोक भांडीकुंडी गाड्यात घालून माळावर छपरं बांधून राहायला गेले. विणकर मात्र हलेनात. मागल्या खेपेला जे गेले त्यांच्या बंद घरांत सरकारी माणसं शिरली, औषधाचं पाणी मारलं, आणि मागावरचं रेशीम कुजून गेलं. तेव्हापासून जो तो म्हणायचा, हातातलं लुगडं उतरलं की जाऊ. लुगडं उतरायला पंधरा दिवस लागतात. उंदराला तेवढे लागत नाहीत.

त्या सकाळी अंजनी जे लपवून उठली ते असं होतं. शहापूरचं घर. घोंगडं बाजूला सारलेलं. मागाच्या खड्ड्यात, जिथं विणकर पाय सोडून बसतो, तिथं पायानं दाबायच्या पावड्यांखाली दोन उंदीर उताणे. आणि वर केदारी बसलेला, त्याचे पाय हलत नाहीत. आतून जयाबाईचं मूल रडतंय आणि त्याला घ्यायला कुणी उठत नाही.

दुपारपर्यंत ती सुताच्या कांड्या भरत बसली. तीनदा धागा तुटला. मग ती आईजवळ गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

अंबुबाईंनी दार लोटून घेतलं. "कुणाला बोललीस?"

"तुलाच."

"मग गप बस. पंधरा दिस कळ काढ. एकदा अक्षता पडल्या की सांग नवऱ्याला, मग न्हाय टाकायची तुला."

"पंधरा दिस न्हाईत गं आई."

"समदी सपनं खरी हुत्यात व्हय?"

आजवरचं एकही खोटं निघालं नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. अंबुबाई डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "तुझं कसं हुयाचं गं." त्यांनी तिला अडवलंही नाही आणि जा असंही म्हटलं नाही.

भरलेल्या कांड्यांची बुट्टी कमरेवर घेऊन अंजनी एकटीच शहापूरला निघाली. लग्न ठरलेली पोर सासरच्या दारात आपल्या पायानं जाते, हे बघून गल्लीतल्या बायका धुणं पिळायच्या थांबल्या. वाटेत ती दोनदा परत फिरली. एकदा तर अर्ध्या वाटेपर्यंत. तिला ते घर हवं होतं, त्या घरातला तो माणूस हवा होता, आणि दोन्ही वाचवायची तर दोन्हींवर पाणी सोडावं लागत होतं. स्वप्नातलं ते मूल रडत नसतं, तर कदाचित ती तिसऱ्यांदा फिरली असती आणि घरीच गेली असती.

"तू?" अक्काताई दारातच म्हणाल्या. "कांड्या कुणी सांगितल्या?"

"आत्ती, घर सोडा. आजच्या आज माळावर जावा."

अक्काताईंचा चेहरा बदलला. पुढचं काय असणार हे त्यांना कळलं. "बोलू नगंस. अजून काय बोलली न्हाईस तू. बुट्टी ठेव आन माघारी जा."

"मागाच्या खड्ड्यात उंदीर पडल्यात. म्हंजे पडनार हाईत. मी बघितलं."

आतल्या मागाचा आवाज थांबला. नागोजी पुढं आला. "ह्ये बघ, गल्लीत एक उंदीर न्हाय पडलेला. घर सोडा म्हनून परटीण सांगती, डाक्टर सांगतो, आता तू बी आलीस. लुगडं अर्ध्यावर हाय. कापू म्हनतीस?"

विणकराच्या घरात अर्धं लुगडं मागावरून कापत नाहीत. कापायचं ते विणणारा मेल्यावरच. त्यात हे लग्नाचं.

अंजनीनं बुट्टी खाली ठेवली. मग घोंगड्याकडं बघत, जणू त्यालाच सांगावं तसं म्हणाली, "वांगी रंगाचं हाय. काठ पिवळा, त्याच्यात तांबडी रेघ. आन पदराच्या उजव्या अंगाला, काठापास्नं चार बोटांवर, तीन धागं चुकल्यात. चुकल्यावर उसवलं न्हाय, तसंच फुडं विणलंय."

घोंगडं बाजूला झालं. केदारी खड्ड्यातून वर आला. पदरातली ती चूक त्यानं भावालाही दाखवली नव्हती. आठवड्यामागं, पदरापासून विणायला सुरुवात केली तेव्हा, बाळ रडलं म्हणून त्याचं लक्ष गेलं होतं आणि उसवायचा त्यानं कंटाळा केला होता. लग्नाच्या लुगड्यात केलेला कंटाळा कुणी सांगत फिरत नाही.

त्यानं अंजनीकडं पाहिलं. मग जयाबाईच्या मांडीवरच्या मुलाकडं. मग कोनाड्यातली कात्री घेतली.

"केदारी," अक्काताई म्हणाल्या.

तो थांबला नाही. रेशमावर कात्री चालताना आवाज फारसा होत नाही. अक्काताईंनी दाराच्या चौकटीला हात धरला. त्या ओरडल्या नाहीत. "पोरी," एवढंच त्या म्हणाल्या, "माझ्या लेकाच्या हातानं तुझंच लगीन कापून घेटलंस. जा आता."

संध्याकाळच्या आत त्यांची गाडी माळाला लागली. सुबरावांच्या मागावर त्या वेळी उभ्या धाग्यांचा ताणा चढलेला नव्हता, तेही चार दिवसांनी वडगावच्या अंगानं माळावर गेले. दोन्ही छपरांमध्ये हाकेचं अंतर होतं, पण हाक कुणी मारली नाही. आठवड्याभरात अक्काताईंच्या भावकीतला एक म्हातारा आला, इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या, आणि उठता उठता सोयरीक मोडल्याचं सांगून गेला.

त्या थंडीत प्लेगनं पुष्कळ माणसं नेली. पण शहापूरच्या त्या गल्लीत एकही उंदीर पडल्याचं कुणी पाहिलं नाही. घर न सोडता राहिलेली माणसं धडधाकट राहिली. शिमगा झाला, ऊन तापलं, लोक गाड्या भरून घरी परतले, आणि मग बोलायला सगळ्यांनाच सवड मिळाली. सुबरावच्या पोरीचं स्वप्न फुकाचं निघालं. बिचाऱ्यानं लग्नाचं लुगडं कापलं. पहिली खरी झाली असतील ती योगायोगानं.

बुगडीवाल्या बायका यायच्या बंद झाल्या. अंजनीला वाटलं होतं वाईट वाटेल. वाटलंही, पण एके सकाळी तिच्या लक्षात आलं, आई भाकरी थापतेय आणि तिनं वर बघितलेलंच नाही. अंबुबाईंचा जीव कधी नव्हे तो स्वस्थ झाला होता. स्वप्न खोटं निघालं म्हणजे पोरीवरचं ते काय होतं ते उतरलं, असा त्यांनी हिशेब लावला होता. अंजनीनं त्यांना तसंच वाटू दिलं. केदारीची आठवण आली की ती कामाला जुंपून घ्यायची. काम काही कमी नव्हतं.

चैत्राच्या एका सकाळी सुबरावांनी गल्लीत पांजण मांडली होती. ताणा या टोकाच्या खांबापासून त्या टोकाच्या खांबापर्यंत ताणलेला, आणि त्याला खळ लावून कुंच्यानं धागे मोकळे करायचे, तेही खळ वाळायच्या आत. वडील खळ आणायला आत गेले होते. अंजनीनं कुंचा उचलला आणि ताण्याच्या पलीकडं केदारी उभा असलेला दिसला.

तो वाळला होता. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "आज मागाचा खड्डा साफ केला. माळावनं आल्यापास्नं बसलोच नव्हतो त्याच्यावर, मनच हुईना. पावड्या काढल्या तर खाली दोन हुतं. वाळून कोळ झाल्यालं."

अंजनीनं आत वडिलांची चाहूल घेतली.

"जवा पडलं तवा आमी घरात असतो तर..." त्यानं एकदा मागं गल्लीकडं बघितलं. "अजून कुणाला सांगितलं न्हाय. डब्यात झाकून ठेवल्यात. आईला दावतो. दावल्यावर तिचं तोंड बंद हुईल. सोयरीक पयल्यावाणी जुळंल, मी जुळवतो. तू निस्ती हो म्हन."

तिच्या हातातला कुंचा खाली आला. हो म्हणायला तिला एक श्वाससुद्धा लागला नसता. महिनाभर ती एवढ्याचसाठी रडली होती. मग तिला ते घर दिसलं. स्वप्नात नव्हे, लख्ख उन्हात उभी असताना. अक्काताई सकाळी उठतात, दाराची कडी काढण्याआधी सुनेच्या तोंडाकडं बघतात. जयाबाई मुलाला पदराखाली घेऊन बघते. आणि हा, हा पण बघतो. जन्मभर.

"घरात आता झोप लागती न्हवं समद्यास्नी?" तिनं विचारलं.

"लागती की."

"मग लागू दे. दावू नगा."

"अंजनी..."

"लोकं म्हनत्यात माझं सपान खोटं झालं. तुमी पाची जनं हिंडताय फिरताय, म्हंजे झालंच की खोटं. लई बरं वाटतंय मला." तिनं कुंचा पुन्हा उचलला.

तो तसाच उभा राहिला. आत सुबरावांच्या खळीच्या भांड्याचा आवाज झाला. तो वळला.

"ऐकलासा काय," तिनं मागून विचारलं. "उंदीर हातानं उचललासा?"

"न्हाय. चिमट्यानं."

"मग त्यो चिमटा आन डबा गावाभाईर नेऊन जाळा. कढत पान्यानं आंघूळ करा. आन तवर बाळाला घेऊ नगा."

"बरं," तो म्हणाला, आणि गेला.

सुबराव खळीचं भांडं घेऊन बाहेर आले. ताण्याला हात लावून कुरकुरले, "हिकडं वाळाय लागलं की गं."

"व्हय आप्पा," अंजनी म्हणाली आणि कुंचा घेऊन त्या टोकाला गेली. ऊन चढत होतं. तिनं तिथून सुरुवात केली आणि एकेक धागा सुटा करत, न थांबता, या टोकापर्यंत आली.